जुनें कर्ज आणि नवा अंगठा

अक्षय्य तृतीयेला खानदेशांत आखाजी म्हणतात. माहेरीं आलेल्या लेकी, झाडाला टांगलेले झोके, पितरांच्या नांवानें भरलेली घागर, पुरणपोळी आणि आमरस असें या सणाचें रूप शहरांतील घरांना ऐकून तरी ठाऊक असतें. परंतु तापीच्या खोऱ्यांतील शेतमजुराच्या आयुष्यांत या दिवसाला आणखी एक अर्थ होता. सालदाराचें जुनें साल या दिवशीं संपे आणि नवें साल याच दिवशीं सुरू होई. मालकाच्या ओटीवर वही उघडली जाई. वर्षांत नेलेलें धान्य, लग्नाकार्यासाठीं उचललेले रुपये, आजारपणांत पडलेले खाडे हीं सर्व वाचून दाखविलीं जात, आणि वजाबाकी होऊन जें देणें उरे तें नव्या सालाच्या माथीं बसे. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें तें ऐकावें आणि वहीच्या पानावर अंगठा उठवावा. अंगठा उठला म्हणजे आणखी एक वर्षभर त्याचे हात त्याचे स्वतःचे राहत नसत.

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं, १९०६ सालीं खानदेशाचे दोन भाग झाले तेव्हांपासून, हा मुलूख पश्चिम खानदेशांत मोडत असे. उत्तरेस नर्मदा आणि सातपुड्याच्या रांगा, मध्यें तापीच्या कांठची काळी जमीन, दक्षिणेस नवापुराकडील डोंगराळ भाग अशी याची रचना आहे. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या १६ लक्ष ४८ हजार भरली, आणि तींत दर दहा माणसांमागें जवळजवळ सात आदिवासी होते : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. या प्रदेशाच्या इतिहासांत एक प्रश्न दीडशें वर्षें पुन्हां पुन्हां उभा राहिलेला दिसतो. एकदां काढलेलें कर्ज किती काळ जगतें, आणि त्याला इतका काळ जगवितो कोण?

कर्जवसुलीची जुनी रीति उघड होती. पेशवाई बुडाल्यावर, १८१९ सालीं, एल्फिन्स्टन यानें दक्षिणेंतील नव्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याचें वर्णन आलेलें आहे. धनकोनें ऋणकोच्या दारीं माणसें बसवावीं, त्याचें येणेंजाणें अडवावें, त्याला जेवूं देऊं नये, प्रसंगीं डोक्यावर दगड देऊन उन्हांत उभें करावें, इथपर्यंत मजल जात असे. ही रीति क्रूर होती यांत शंका नाहीं. तथापि ती सर्व गांवाच्या डोळ्यांदेखत चाले. दारीं धरणें धरणाऱ्यानें स्वतःहि उपाशीं बसावें असा संकेत होता, आणि गांवकीच्या लाजेची मर्यादा दोघांवरहि असे. शिवाय व्याजाला दामदुपटीचा बांध होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होऊं नये, हा धर्मशास्त्रांतील जुना दंडक मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींहि पुढें मानला.

१८१८ सालीं खानदेश कंपनी सरकारकडे आला आणि तगाद्याची जागा हळूहळू न्यायालयानें घेतली. आरंभीं या नव्या व्यवस्थेंत ऋणकोचें हित पाहिलेलें होतें. मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या पांचव्या रेग्युलेशनानें व्याजाची मर्यादा सालीना शेंकडा १२ अशी ठरविली होती. परंतु १८५५ सालच्या कायद्यानें व्याजावरील असले निर्बंध उठविले. पैसा हाहि एक जिन्नस आहे, त्याची किंमत घेणाऱ्यानें व देणाऱ्यानें आपापसांत ठरवावी, असें त्या काळच्या विलायतेंतील अर्थशास्त्राचें मत होतें. लंडनच्या पेढींत बसलेला व्यापारी आणि पावसाळ्याच्या तोंडीं घरांत दाणा नसलेला भिल्ल या दोघांना त्या मतानें एकाच तागडींत बसविलें.

त्यानंतर चारच वर्षांनीं, १८५९ सालीं, मुदतीचा कायदा आला. त्याचा हेतु चांगला होता. जुनीं, विस्मृतींत गेलेलीं देणीं उकरून काढून कोणास छळूं नये, यासाठीं साध्या कर्जखताच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घालण्यांत आली. पूर्वींची मुदत याहून पुष्कळ लांब होती. आतां तीन वर्षांत दावा लावला नाहीं तर न्यायालयाचें दार बंद होणार होतें. वरवर पाहतां ऋणकोला यापेक्षां अधिक काय हवें होतें? परंतु सावकारानें या कायद्याचा अर्थ ऋणकोच्या आधीं ओळखला. तीन वर्षें भरण्यापूर्वीं तो दारीं येऊं लागला. पैसे मागण्यापेक्षां त्याला नवें खत हवें असे. थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून तो नवा कागद पुढें करी आणि म्हणे, आज पैसे नसतील तर राहूं देत, एवढी निशाणी तेवढी कर. नाहीं तर उद्यां दावा लावावा लागेल.

या निशाणीनें काय होई तें साध्या गणितानें कळतें. शंभर रुपये कर्ज दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतलें असें समजूं. तीन वर्षांत व्याजाचे ७२ रुपये होतात आणि नवें खत १७२ रुपयांचें होतें. सहाव्या वर्षीं तेंच जवळजवळ २९६ रुपयांवर जातें, नवव्या वर्षीं ५०९ वर, आणि बाराव्या वर्षीं ८७५ वर. तेंच कर्ज १२ टक्क्यांच्या जुन्या मर्यादेंत व एकाच खतावर राहिलें असतें तर दामदुपटीच्या नियमानें बारा वर्षांनींहि २०० रुपयांपलीकडे गेलें नसतें. दामदुपट कायद्यानें कोणी रद्द केली नव्हती. नव्या खतांत मागचें व्याजच मुद्दल होऊन बसल्यामुळें तिला अडवावयास कांहीं उरलें नाहीं, इतकेंच. जुनें कर्ज मारण्यासाठीं केलेल्या कायद्यानें तें दर तीन वर्षांनीं नव्यानें जन्माला घातलें, आणि त्या जन्मास ऋणकोचाच हात लागला.

पुढील पायरी न्यायालयाची. खेडुताला समन्स वाचतां येत नसे, तालुक्याचें ठिकाण दूर असे, वकील परवडत नसे. त्यामुळें पुष्कळ दावे एकतर्फी निकालांत निघत. हातांत हुकूमनामा आला म्हणजे सावकाराजवळ दोन हत्यारें होत : जमिनीची जप्ती आणि दिवाणी तुरुंग. बहुधा त्यांचा उपयोग करण्याची वेळच येत नसे. हुकूमनामा पेटींत ठेवून त्याचा नुसता उल्लेख केला तरी बैल, धान्य किंवा वेठ हवी तेवढी मिळे. बापाचें कर्ज मुलाच्या अंगावर येई. १८६६ च्या मुंबईच्या कायद्यानें मुलाची जबाबदारी बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच ठेवली होती. परंतु ज्याला तो कायदा ठाऊक नव्हता तो आपली निशाणी करून बापाचें देणें स्वतःचें करून घेई. ऋण न फेडतां मेलेला मनुष्य धनकोच्या घरीं बैल होऊन जन्मतो, या लोकसमजुतीची जरब कायद्याहून मोठी होती.

या सर्वांचा स्फोट १८७५ सालीं झाला. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं, आणि तेथून हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोंचलें. या दंग्यांची विशेष गोष्ट अशी कीं जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतें, वह्या, हुकूमनामे मागून घ्यावेत आणि जाळावेत. ते मिळाले म्हणजे बहुधा माणसाला हात लावूं नये. आपलें दुःख कोठें साठविलेलें आहे हें निरक्षर कुणब्याला अचूक कळलें होतें. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याचीं कलमें पुढें इलाख्याच्या इतर भागांना लागू होत गेलीं.

हा कायदा मोठ्या विचारानें रचलेला होता. कर्जासाठीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकणें त्यानें बंद केलें. नोंदलेल्या खताला बारा वर्षें व इतर देण्याला सहा वर्षें अशी मुदत वाढविली. सावकाराला घाईघाईनें नवी निशाणी घेण्याचें निमित्त उरूं नये हा त्यांतला हेतु. खतावरचा आंकडा खरा न धरतां मूळ व्यवहारापासून सर्व हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क ऋणकोला दिला. मात्र या प्रत्येक हक्कासाठीं मागणारें तोंड लागत होतें. ज्याच्याकडून पुढच्या महिन्यांत ज्वारी आणावयाची आहे त्याच्याकडे पावती मागण्याचें धैर्य तें तोंड कोठून आणणार?

सातपुड्याच्या पायथ्याशीं हीच गांठ सर्वांत घट्ट होती. आषाढ-श्रावणांत घरांतलें धान्य संपे, रानांतला मोह वेंचून झालेला असे, आणि पीक हातीं येण्यास अजून अवकाश असे. या दिवसांत पोटाला लागणारें धान्य म्हणजे खावटी. ती सवाईनें किंवा दिढीनें मिळे, म्हणजे एक मापाला खळ्यावर सव्वा किंवा दीड माप परत. पीक निघतांच सावकाराचा माणूस खळ्यावर हजर होई. मागील देणें वळतें करून घेई. आणि उरलेलें धान्य पुढील पावसाळ्याला पुरत नसे. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव झालेल्या रानांत पूर्वींप्रमाणें हातपाय मारतां येईनासे झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळानें खानदेशाला होरपळलें. सावकार सर्वच निर्दय होते असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. जेथें बँक नव्हती, पेढी नव्हती, तेथें बियाणें आणि अडीअडचणीचा रुपया त्याच्याकडूनच मिळे, आणि त्याचेहि पैसे कित्येकदां बुडत. पण दुसरा कोणीहि देणारा नसल्यामुळें त्याच्या अटींना ठरावाचें स्वरूप उरलें नव्हतें, त्या हुकुमासारख्या होत्या.

सरकारला हें कळत नव्हतें असें नाहीं. जमीन सावकाराच्या हातीं जाऊं नये म्हणून ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकतां वा गहाण ठेवतां येणार नाहीं अशा शर्तीवर देण्याची तरतूद १९०१ च्या कायद्यानें झाली. १९३५ च्या राज्यघटनेखालीं जे प्रदेश ‘अंशतः वर्जित’ ठरले त्यांत शहादें, नंदुरबार व तळोदें हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि काठी, नाल, सिंगपूर इत्यादि मेवासी संस्थानिकांचीं गांवें होतीं. म्हणजे स्थूलमानानें आजचा नंदुरबार जिल्हाच. या प्रदेशांची पाहणी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आली. १९३८ सालच्या त्याच्या अहवालांत सावकार, जमीनदार, जंगलचे ठेकेदार आणि कनिष्ठ नोकर यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीचें स्पष्ट चित्र उमटलें. त्याच सुमारास तळोदें तालुक्यांतील मोरवड येथें गुलाम महाराजांच्या आरतीला दर सोमवारीं हजारों आदिवासी जमूं लागले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानानें वागवा, एवढाच त्यांचा उपदेश होता. कर्जाचा त्यांत प्रत्यक्ष उल्लेख नसला तरी स्वतःची किंमत ओळखलेला मनुष्य वहीपुढें पूर्वींइतका वांकत नाहीं. त्या वर्षीं महाराज वारले; चळवळ त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं पुढें चालविली.

पुढील दहा वर्षांत कायद्यांची रांग लागली. १९३९ सालीं, आणि नंतर सुधारलेल्या रूपांत १९४७ सालीं, कर्जनिवारणाचा कायदा झाला. शेतकऱ्याची फेडण्याची ऐपत पाहून देणें कमी करावें व हप्ते बांधून द्यावेत, आणि मुदतींत जें कर्ज तडजोडीसाठीं पुढें आणलें जाणार नाहीं तें नाहींसें झालें असें समजावें, अशी त्यांतली योजना होती. १९४६ च्या सावकारी कायद्यानें परवाना व हिशेब सक्तीचे केले, दामदुपट लेखी कायद्यांत आणली आणि ऋणकोला धाकदपटशा करणें हा गुन्हा ठरविला. स्वराज्य आलें. परंतु शहादें-तळोद्याच्या काळ्या जमिनींत कापूस-ऊंस वाढत गेला तसतशी आदिवासींची जमीन खंडाच्या, गहाणाच्या वा तोंडी विक्रीच्या वाटेनें दुसऱ्याच्या नांगराखालीं जात राहिली, आणि मूळ मालक त्याच शेतावर सालदार होऊन राबूं लागला.

ही कोंडी फोडण्याचें काम कचेरीबाहेर सुरू झालें. शहाद्याजवळच्या पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजांतले, भजनांतून व सर्वोदयाच्या कार्यांतून पुढें आलेले कार्यकर्ते होते. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरला आणि त्यांतून श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराचें वेतन, मजुरीचे दर आणि कर्जापायीं गेलेली जमीन हे तिचे प्रश्न होते. कायदा ज्या गोष्टी एकेकट्यानें मागाव्यात अशी अपेक्षा करीत होता, त्या येथें गांवानें एकत्र मागितल्या. वही वाचून दाखवा, जमिनीचा कागद दाखवा, हें म्हणणारा आतां एकटा नव्हता. बायकांनीं दारूच्या भट्ट्यांविरुद्ध मोहीम काढली. अंबरसिंग १९७४ सालीं अकालीं निवर्तले. तोंवर मागणी करण्याची भीति मोडली होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत राज्यानें व देशानें तीन मोठे कायदे केले. १९७४ च्या कायद्यानें १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत करण्याची वाट मोकळी झाली. २२ ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्राच्या कर्जमुक्ति कायद्यानें अल्पभूधारक, शेतमजूर, ग्रामीण कारागीर आणि अल्प उत्पन्नाचे कामगार यांचीं सावकारी देणीं संपूर्ण फिटलीं असें ठरविलें व गहाण ठेवलेल्या वस्तु परत देण्याची सक्ती केली. सावकारांनीं त्यास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. १९७७ सालीं न्यायालयानें तो कायदा वैध ठरविला. तिसरा कायदा वेठबिगारी नष्ट करणारा. उचलीच्या फेडीसाठीं माणसाला बांधून ठेवतां येणार नाहीं आणि अशी उचल फेडण्याचें बंधनहि उरणार नाहीं, असें त्यानें १९७६ सालीं सांगितलें. आखाजीच्या वहीवरील अंगठ्याला कायद्याच्या दृष्टीनें किंमत उरली नाहीं.

तरी जुन्या अनुभवाचा धडा असा कीं मागील कर्ज पुसलें म्हणजे पुढचा पावसाळा टळत नाहीं. म्हणून १९७२ सालीं स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाकडून १९७८ पासून खावटी कर्ज दिलें जाऊं लागलें, आणि रोजगार हमीच्या कामांनीं उन्हाळ्यांत थोडी रोकड हातीं येऊं लागली. ज्या वर्षीं हीं दोन्हीं वेळेवर पोंचलीं त्या वर्षीं सावकाराचा ओटा रिकामा राहिला. ज्या वर्षीं उशीर झाला त्या वर्षीं पावलें जुन्याच वाटेला लागलीं. सावकारी टिकते ती सावकाराच्या लोभामुळें जितकी, तितकीच दुसऱ्या देणाऱ्याच्या विलंबामुळें.

आज खळ्यावरच्या कारकुनाच्या जागीं मोटारसायकलवरून येणारा वसुलीचा माणूस दिसतो, आणि चोपडीच्या जागीं त्याच्या हातांतलें यंत्र. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानें परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे, आणि अशा सावकारीपोटीं गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आंतली असेल तर चौकशीअंतीं परत देववितां येते. २०२२ सालीं रिझर्व्ह बँकेनें अल्पकर्जाच्या संस्थांना नियम घालून दिले : सकाळीं ९ च्या आधीं व सायंकाळीं ६ नंतर तगादा नको, धमकी वा अपशब्द नकोत, आप्तेष्टांना त्रास नको. एल्फिन्स्टननें वर्णिलेला तगादा दोनशें वर्षांनीं असा घड्याळाच्या कांट्यांत बांधला गेला.

मुदतीचें तत्त्व मात्र अजून तेंच आहे. साध्या कर्जाच्या दाव्याला १९६३ च्या कायद्यानेंहि तीनच वर्षें दिलीं आहेत. मुदत संपली म्हणजे देणें नाहींसें होत नाहीं. तें न्यायालयांतून वसूल करण्याची वाट बंद होते. पण मुदतीच्या आंत ऋणकोनें देणें लागतों असें सहीनिशीं लिहून दिलें, किंवा थोडीशी रक्कम भरून तशी नोंद केली, तर तीन वर्षें पुन्हां पहिल्यापासून मोजलीं जातात. आणि मुदत संपल्यावरहि, फेडीन असें लेखी वचन सहीनिशीं दिलें तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें तें मेलेलें देणें उठून बसतें. म्हणून वसुलीस आलेला मनुष्य पैशापेक्षां कित्येकदां सहीची घाई करतो. ती घाई आजची नाहीं. ती १८५९ सालापासूनची आहे.

घेतलेलें परत करावें हें खरें, आणि गरिबानें तें नाकारल्याचें या इतिहासांत क्वचितच दिसतें. उलट एकदां घेतलेलें त्यानें तीन तीन वेळां फेडलेलें दिसतें. त्याच्याजवळ नव्हती ती फेडल्याची पावती. जुनें कर्ज स्वतःच्या बळावर जगत नाहीं. त्याला दर खेपेस नवी निशाणी लागते, आणि ती निशाणी भूक, भीति व अज्ञान मिळून करवून घेतात. कायद्यानें यांपैकीं भीति कांहींशी कमी केली, खावटीनें व कामानें भूक. तिसऱ्याचें औषध गांवच्या शाळेंत आहे. आखाजीच्या दिवशीं बापापुढें वही आली असतां ‘थांबा, मी आधीं वाचतों’ असें म्हणणारें मूल ज्या घरांत आहे, त्या घरीं जुनें कर्ज फार दिवस जगणार नाहीं.